बारा बोअरसाठी कोणते काडतूस? शेती-परवान्याची बंदूक बाळगणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

गोव्यातल्या सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे, काणकोण या भागांत कुळागर (पोफळी-माडांची बाग) आणि वायंगणाची (पावसाळ्यानंतरच्या भाताची) शेती राखायला परवान्यावर घेतलेली बंदूक बहुतेक वेळा बारा बोअरची असते. एकनळी असो वा दुनळी, ती घरात एकदाच येते आणि पुढे आजोबांकडून नातवाकडे जाते. काडतूस मात्र दर वेळी नव्याने निवडावे लागते, आणि चुका तिथेच होतात. पुढची उत्तरे फक्त परवानाधारकांसाठी आहेत.

दुकानात आधी काय विचारायचे, छऱ्याचा नंबर की आणखी काही?

आधी काडतुसाची लांबी. बारा बोअरची काडतुसे मुख्यतः तीन लांबीत मिळतात: ६५ मि.मी. (अडीच इंची), ७० मि.मी. (पावणेतीन इंची) आणि ७६ मि.मी. (तीन इंची). हा आकडा बार उडून तोंड उघडल्यावरच्या लांबीचा असतो. भरलेल्या काडतुसाचे तोंड आत दुमडलेले असते, त्यामुळे ७० मि.मी.चे काडतूस हातात घेतले तर ६० मि.मी.च्या आसपासच भरते.

सगळा घोळ या दुमडीत आहे. ६५ मि.मी.च्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत) ७० चे काडतूस अलगद बसते, बंदूकही नीट बंद होते. बार उडाला की दुमड उलगडते, पण तिला जागा उरलेली नसते. चेंबरपुढे नळी जिथे निमुळती होते तिथे ती तोंड अडवते. डाट (दारू आणि छरे यांच्या मधला बोळा) आणि छर्रे त्या अरुंद वाटेतून रेटले जातात आणि दाब वाढतो. बंदूक पहिल्याच बाराला फुटेल असे नाही. सांधा हळूहळू ढिला होतो, धक्का जास्त लागतो, आणि दोष बंदुकीच्या वयावर ढकलला जातो. उलटे मात्र चालते: ७० च्या चेंबरमध्ये ६५ चे काडतूस वापरायला हरकत नाही.

माझ्या बंदुकीचे चेंबर किती लांब आहे ते कसे कळणार?

नळी दस्त्यापासून सोडवा आणि तिचा तळ उजेडात धरा. युरोपीय बनावटीच्या बंदुकांवर बहुधा ‘१२-६५’ किंवा ‘१२/७०’ असे कोरलेले सापडते. जुन्या इंग्रजी बंदुकांवर चौकटीत १२ आणि इंग्रजी सी असे अक्षर असते. त्याचा अर्थ चेंबर तीन इंचांपेक्षा आखूड आहे एवढाच, म्हणजे ते ६५ चे की ७० चे हे त्यावरून कळत नाही. तीन इंची किंवा त्याहून लांब चेंबर असेल तर ‘एलसी’ असते.

खूण नसेल किंवा झिजली असेल तर मोजावे लागते. सुटी केलेली नळी आतून स्वच्छ पुसून उजेडाकडे धरली की चेंबर संपते तिथे एक काळसर कडे दिसते. तळापासून त्या कड्यापर्यंतची खोली म्हणजे चेंबर. पट्टीने अंदाज येतो, पण खात्री बंदूक दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक कारागिराच्या गेजनेच होते. शंका उरली तर ६५ चेच काडतूस घ्या. थोडा कमी मार मिळेल, बाकी काही बिघडत नाही.

नळीवर लाटालाटांची नक्षी आहे. हल्लीचे काडतूस चालेल का?

ती डमास्कस नळी. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, ठोकून, जोडून ती बनवत. अशा बहुतेक नळ्या काळ्या दारूसाठी तपासलेल्या असतात. हल्लीच्या काडतुसांतल्या बिनधुराच्या दारूची चाचणी झाली असेल तर तशी खूण असते: इंग्रजी बंदुकीवर ‘नायट्रो प्रूफ’, तर बेल्जियममधल्या लिएजच्या बंदुकीवर सिंह आणि त्याखाली ‘पीव्ही’. नुसते अंडाकृतीत ‘ईएलजी’ असेल तर ती बिनधुराच्या दारूची हमी नव्हे. खूण सापडली तरी ती त्या दिवसाची साक्ष आहे. मधल्या काळात आतला गंज घासून काढला असेल तर नळीची जाडी कमी झालेली असते. अशी बंदूक परवान्यावर जरूर ठेवा, पण बार काढू नका.

छऱ्यांचे नंबर कसे वाचायचे?

आपल्याकडे चालतात ते इंग्रजी नंबर. आकडा वाढतो तसा छर्रा बारीक होतो. खालचे व्यास आणि संख्या ठोकळमानाने आहेत, आणि संख्या ३२ ग्रॅम छरे भरलेल्या काडतुसाची आहे.

एलजी: ९.१ मि.मी., ६ ते ७ छरे
एसजी: ८.४ मि.मी., ९ छरे
एएए: ५.२ मि.मी., ४० च्या जरा आत
बीबी: ४.१ मि.मी., ८० च्या आसपास
४ नंबर: ३.१ मि.मी., १९० च्या आसपास
६ नंबर: २.६ मि.मी., ३०० च्या थोडे वर
८ नंबर: २.२ मि.मी., ५०० च्या आसपास

अमेरिकी डबा हाती आला तर सावध राहा. त्यांचा ४ नंबर ३.३ मि.मी.चा, म्हणजे आपल्या ३ नंबरजवळचा. त्यांचे ‘डबल-ऑट बक’ हे आपल्या एसजीएवढे. पण ‘४ बक’ हा ६ मि.मी.चा जाड छर्रा आहे, त्याचा साध्या ४ नंबरशी काहीही संबंध नाही. डब्यावर मि.मी. छापलेले असेल तर तेच वाचावे.

म्हणजे एलजी सगळ्यात जोरदार. मग सरसकट तेच का घेऊ नये?

सर्वांत जास्त चुका करवणारा समज हाच आहे. एका छऱ्याचा जोर वाढतो हे खरे, पण छरे मोजकेच असतात आणि ते पांगतात.

नळी तोंडाशी किती आवळते (या आवळण्यालाच चोक म्हणतात) ते मोजण्याची जुनी रीत अशी: ४० यार्डांवर, म्हणजे सुमारे ३६ मीटरवर, ३० इंची (७५ सेंटिमीटरच्या) वर्तुळात किती टक्के छरे पडतात ते पाहायचे. पूर्ण चोकच्या नळीतून ७० टक्के, अर्ध्या चोकमधून ६०, अगदी सरळ नळीतून ४०. आता हिशेब करा. सरळ नळीतून ६ नंबरचे काडतूस उडवले तर त्या वर्तुळात १२० छरे येतील. एसजीचे ९ पैकी तीन-चार. एलजीचे फार तर तीन. उरलेले कुठे गेले? ते बाजूने पुढे गेले आणि त्यांच्या वाटेत काय होते हे तुम्ही पाहिलेले नाही.

शिवाय जाड छरे पूर्ण चोकमधून जाताना एकमेकांवर दबून चपटे होतात आणि वेडेवाकडे उडतात. म्हणून टक्केवारीचा हा नियम बारीक छऱ्यांना बऱ्यापैकी लागू पडतो, एलजी-एसजीला पडेलच असे नाही. कित्येक बंदुका एसजी अर्ध्या चोकमधून पूर्ण चोकपेक्षा नीट टाकतात. कागदावर पाहिल्याशिवाय हे कळत नाही.

कागदावर पाहायचे म्हणजे काय करायचे?

गोळीबाराला मान्यता असलेल्या रेंजवरच जा. साधारण सव्वा मीटर चौरस कोरा कागद, मध्ये मुठीएवढा काळा ठिपका. जाड छऱ्यांसाठी अंतर २० मीटर ठेवा, बारीकसाठी ३६. बंदूक टेकवून, एका कागदावर एकच बार. ठिपक्याभोवती नव्हे, तर छऱ्यांच्या सर्वांत दाट जागेभोवती ७५ सेंटिमीटरचे वर्तुळ काढून आतली भोके मोजा.

एका कागदावर निकाल देऊ नका. एकाच डब्यातली निदान तीन काडतुसे, दुनळी असेल तर प्रत्येक नळीसाठी वेगळी. तीन गोष्टी पाहायच्या: वर्तुळात किती छरे आले, मध्ये तळहाताएवढ्या मोकळ्या जागा उरल्या का, आणि दाट भाग ठिपक्यापासून किती सरकला. दुनळीत उजवी आणि डावी नळी वेगवेगळ्या जागी टाकणे ही वाटते तितकी दुर्मीळ गोष्ट नाही. प्रत्येक कागदावर काडतुसाचे नाव, लांबी, छऱ्याचा नंबर, अंतर आणि नळी लिहून ठेवा. पुढच्या वर्षी दुकानदाराने ‘हेही तसेच आहे’ म्हणून दुसरा डबा पुढे केला तर तो कागद कामाला येतो.

एक गोळीचे काडतूस कोणत्याही नळीत चालते का?

नाही. कडेला तिरप्या धारा असलेला शिशाचा स्लग (छऱ्यांऐवजी भरलेली एकच मोठी गोळी) चोकमधून जाताना त्या धारा दबतात, म्हणून तो निघून जातो. तरीही त्याची जागा सरळ किंवा किंचित आवळलेली नळी हीच. पूर्ण चोकमध्ये नळीचे तोंड जवळपास १ मि.मी.ने आवळलेले असते, आणि नळीच्या मापाची गुळगुळीत गोल गोळी तिथे अडली तर तोंड फुगते. काही जुन्या इंग्रजी नळ्यांवर ‘गोळीसाठी नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी शिक्काच असतो. पोलादी छऱ्यांची काडतुसेही जुन्या, पातळ नळ्यांत घालू नयेत. पोलाद शिशासारखे दबत नाही.

छरा किती लांब जाऊ शकतो?

मार लागण्याचे अंतर आणि छरा जमिनीवर पडण्याचे अंतर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसऱ्यासाठी जुना आडाखा आहे: छऱ्याचा व्यास मि.मी.मध्ये घ्या, ८० ने गुणा, जास्तीत जास्त अंतर मीटरमध्ये मिळते. ६ नंबरचा छरा सुमारे २०० मीटरवर पडतो, बीबी सव्वातीनशेवर, एसजी साडेसहाशेच्या पुढे, एलजी सातशेच्या पुढे. स्लग त्याहूनही लांब जातो.

गोव्यातल्या दरीतल्या कुळागरात हे आकडे महत्त्वाचे आहेत. समोरच्या उतारावर घर असते, मधून रस्ता जातो, माडावर पाडेली (नारळ पाडणारा) किंवा रेंदेर (सूर काढणारा) चढलेला असू शकतो. गच्च पोफळी आणि केळीआड दिसत नाही म्हणून तिथे कोणी नाही असे होत नाही. मागे मातीचा चढ किंवा उंच बांध नसेल तर जाड छरा भरूच नये, आणि रात्री विजेरीच्या झोतात डोळे चमकले म्हणून बार काढणे तर कदापि नको. गावातले कुत्रे, गाय, बैल यांचेही डोळे तसेच चमकतात.

फक्त आवाज करून पिटाळायचे असेल तर?

त्याला सर्वांत हलके काडतूस पुरते: २४ ते २८ ग्रॅम, ८ नंबर किंवा त्याहून बारीक. आवाजात फारसा फरक पडत नाही, धक्का कमी, आणि छरे लवकर दम सोडतात. दिशा तरीही मोकळीच हवी, वर विजेच्या तारा नकोत, वस्तीकडे तोंड नको.

शिगमो, लग्न, चवथ यांत हौसेचा बार काढणे हा मात्र सरळ गुन्हा आहे. २०१९ च्या शस्त्र दुरुस्ती कायद्याने त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही ठेवले आहेत.

रानडुकरासाठी कोणते काडतूस घ्यावे?

आधी परवानगी, काडतूस नंतर. शेती राखण्याचा परवाना बंदूक बाळगण्याचा असतो, जनावर मारण्याचा नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ९ ने शिकारीला बंदी आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका झाला तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. ती कोणत्या जागेसाठी, कोणाला आणि कोणत्या अटींवर आहे हे त्या कागदावर असते, आणि काडतूसही त्या अटींत राहूनच निवडायचे. कागद हाती नसताना ‘डुकरासाठी एलजी की एसजी’ ही चर्चा निरर्थक आहे.

गवा आणि मोर पहिल्या अनुसूचीत आहेत. गव्याने पोफळी मोडल्या तरी बंदुकीकडे हात नेऊ नये. त्यात बारीक छऱ्याने ‘नुसते चटके देऊन’ हाकलू पाहणे सर्वांत वाईट: कायद्याने तोही गुन्हाच, आणि जखमी गवा दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या वाटेत उभा असतो. वन खात्याला कळवा आणि नुकसानीचा पंचनामा करून घ्या.

आणखी एक कलम अनेकांना माहीत नसते. अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्र-परवानाधारकाने वन्यजीव खात्याकडे नाव नोंदवायचे असते (कलम ३४). म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला, मोलेचे भगवान महावीर आणि चोडणचे सलीम अली ही अभयारण्ये नकाशावर ठेवून दहा किलोमीटरची वर्तुळे काढली तर गोव्याचा बराच भाग त्यात येतो. परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही, मग ती वाट तुमच्या शेताला जवळची का असेना.

नेटवर ४५-७० च्या लिव्हर-अॅक्शन (चापाजवळचा दांडा खालीवर करून काडतूस बदलणाऱ्या) रायफलींबद्दल वाचले. गोळी निवडण्याची ती रीत इथे लागू होते का?

एक गोष्ट पुरेपूर लागू होते. ४५-७० हे अमेरिकी सैन्याचे १८७३ चे काडतूस: ४०५ ग्रेन, म्हणजे २६ ग्रॅम शिशाची गोळी आणि मागे ७० ग्रेन काळी दारू. तेच काडतूस जुन्या ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्डमध्येही बसते आणि आजच्या मार्लिन १८९५ मध्येही. पण दोघींची सोसण्याची ताकद वेगळी. म्हणून कारखान्याचा नेहमीचा माल २८,००० पीएसआयच्या (दाबाचे माप) मर्यादेत ठेवतात. त्याहून जोरदार डबे फक्त मजबूत, नव्या रायफलींसाठी असतात आणि त्यांवर तशी ताकीद छापलेली असते. काडतूस बसते म्हणून बंदूक ते सोसतेच असे नाही, हे तिथेही खरे आहे.

बाकीचे नियम तिथलेच. लिव्हर-अॅक्शनची काडतुसे नळीखालच्या लांब मॅगझिनमध्ये एकामागे एक असतात, म्हणजे प्रत्येक गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या कॅपला (पिनच्या टोल्याने पेटणाऱ्या टोपीला) टेकते. टोकदार गोळी धक्क्याने तीच कॅप पेटवू शकते, म्हणून तिथे चपट्या नाकाची गोळी किंवा हॉर्नडी या अमेरिकी कंपनीची मऊ टोकाची गोळी वापरतात. हरणासाठी ३०० ग्रेनची लवकर फुलणारी, अस्वलासारख्या जाड हाडाच्या जनावरासाठी ४०० ग्रेनच्या वरची, कडक, चपट्या तोंडाची आणि खोल जाणारी, अशी तिकडची साधारण वाटणी. अशी जड गोळी १०० मीटरनंतर झपाट्याने खाली येते, म्हणून ती रायफल जवळच्या माराचीच. आपल्या शेती-परवान्याच्या छऱ्याच्या बंदुकीशी यातले काहीच जुळत नाही.

पावसाळ्यात काडतुसे कशी ठेवायची?

रबरी कडेच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, कुलपात, बंदुकीपासून वेगळी. कौलाखालच्या माळ्यावर नको, कारण मार्च ते मे तिथे भट्टी असते आणि जूनपासून ओल. चामड्याच्या पट्ट्यात तर महिनोन्‌महिने ठेवूच नये. चामडे ओल धरते, त्यातली कमावणीची रसायने पितळेला लागतात आणि हिरवा गंज चढतो. कागदी नळकांड्याची जुनी काडतुसे ओलीने फुगतात. प्लास्टिकची फुगत नाहीत, पण त्यांचाही पितळी तळ खाऱ्या हवेत काळवंडतो.

तपासणी अशी: सुट्या केलेल्या नळीत काडतूस सोडा. ते स्वतःच्या वजनाने आत जाऊन कडेला टेकले पाहिजे, आणि नळी उलटी केली की आपोआप बाहेर आले पाहिजे. दाबावे लागले तर बाजूला काढा. तासून, वाळूच्या कागदाने घासून ते बसवू नका. डब्यावर खरेदीचा महिना लिहा आणि जुना माल आधी वापरा. पुण्याच्या खडकी कारखान्याच्या ‘शक्तिमान’ काडतुसांच्या डब्यावरचा लॉट नंबर परवान्याच्या झेरॉक्सवर टिपून ठेवला तर एखादा लॉट खराब निघाल्यास पटकन वेगळा करता येतो.

चाप ओढला, बार उडाला नाही. आता?

नळी सुरक्षित दिशेलाच धरून निदान अर्धा मिनिट थांबा. ओल लागलेली दारू उशिरा पेटू शकते. मग चेहरा बाजूला ठेवून बंदूक उघडा आणि कॅप पाहा. खळगा खोल असेल तर काडतूस खराब. खळगा उथळ असेल तर दोष बंदुकीचा: स्प्रिंग थकली, पिन झिजली, किंवा बहुतेकदा नुसते घट्ट झालेले जुने तेल. पावसाळ्याआधी सढळ हाताने ओतलेले खोबरेल हे त्यातले नेहमीचे कारण. ते थंडीत थिजते आणि कालांतराने चिकट होते. बंदुकीचे तेल वापरा आणि तेही थोडेच.

‘फुस्स’ असा दबका आवाज आला तर पुढचा बार काढू नका, मग समोर काहीही असो. डाट नळीतच अडकलेला असू शकतो आणि मागून आलेला दुसरा बार नळी फाडतो. बंदूक रिकामी करा, नळी सोडवा, तळाकडून उजेड पाहा. बांधावरून घसरून तोंडात चिखल गेला तरीही हेच.

घरात वीस बोअरचीही बंदूक असेल तर दोन्हींची काडतुसे एका पिशवीत कधीच ठेवू नका. विसाचे काडतूस बाराच्या नळीत आत घसरून पुढे अडकते, चेंबर रिकामे दिसते, मागून बाराचे काडतूस बसते, आणि बाराला नळी डाव्या हाताजवळच फुटते.

रिकामी काडतुसे पुन्हा भरता येतात का?

परवान्याशिवाय काडतूस बनवणे गुन्हा आहे, आणि तुमचा परवाना बनवण्याचा नाही. रिकामी टरफले खरेदीच्या नोंदीशी जुळवण्यापुरती ठेवा.

निवडणुकीत बंदूक जमा केली. काडतुसांचे काय?

आदेशात लिहिले असेल तसे. काडतुसेही जमा करायची असतील तर लांबी, छऱ्याचा नंबर आणि संख्या पावतीवर लिहून घ्या. नुसते ‘काडतुसे १८’ पुरत नाही. परत घेताना डबा उघडून पाहा आणि ठाण्याच्या ओलीत राहिलेला माल वर सांगितल्याप्रमाणे सुट्या नळीत तपासा.

गंजलेली, फुगलेली जुनी काडतुसे कुठे टाकायची?

विहिरीत, नदीत, कचऱ्यात किंवा आगीत नाही. परवाना सोबत घेऊन ती परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात द्या आणि संख्येसह पावती घ्या. परवान्यावरची शिल्लक तीच पावती दाखवून दुरुस्त होते.